मूल होणे

आई गेली त्या वर्षी ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळील संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये मी प्रार्थनेला बसलो; पण ओठांवर प्रार्थनेऐवजी हिशेबच आला. इतक्या मिस्सा, इतके उपवास. मग हे का? तेव्हा रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या फुलामुलांच्या कवीला ख्रिस्तात 'माउली' दिसली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू बालकाला शिष्यांमध्ये उभे करतो, ते भाबडेपणासाठी नव्हे, नम्रतेसाठी. मूल आईवर रुसते, तिला जाबही विचारते. मात्र रडायला तिच्याच कुशीत शिरते. डोंबिवलीला परतताना लोकलच्या गर्दीत मी रडलो. माझी प्रार्थना तिथे सुरू झाली.