फोटोतली गर्दी

गायिका बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणं मी कित्येक वर्षं ऐकत आलो. त्यामागचा फोटो मात्र फार उशिरा पाहिला. ७ ऑगस्ट १९३०ची रात्र, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं मारियन गाव. जमावाने तुरुंग फोडून थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय पोरांना बाहेर ओढलं, मारलं, झाडाला लटकवलं. गावातल्याच स्टुडिओवाल्या लॉरेन्स बाइटलरने फोटो काढला आणि त्याच्या हजारो प्रती विकल्या. जत्रेतून काहीतरी घरी न्यावं तशा लोकांनी त्या नेल्या.

प्रेतं वर आहेत, पण डोळा खिळतो तो खाली. एक हसरं तरुण जोडपं. मिशीवाला एकजण बोट वर करून झाडाकडे दाखवतोय आणि बघतोय थेट कॅमेऱ्यात. तोंड लपवावं असं कुणालाच वाटलेलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. त्या खुनांसाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

ब्रॉन्क्समधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एबल मीरोपोल यांनी अशा हत्येचा फोटो पाहिला आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोरून कित्येक दिवस हलेना. तो मारियनचाच, असं मानलं जातं. त्यांनी कविता लिहिली, १९३७ साली ती शिक्षक संघटनेच्या मासिकात आली आणि चालही मग त्यांनीच लावली. तेच ‘स्ट्रेंज फ्रूट’.

उण्यापुऱ्या बारा ओळी. झाड आहे, वारा आहे, मॅग्नोलियाचा वास, कावळे, पाऊस, ऊन. विद्रूप झालेले चेहरेही आहेत. झाडाखालची माणसं तेवढी गायब! ना ते जोडपं, ना तो बोट दाखवणारा. बातमीदाराने सुरुवातच त्यांच्यापासून केली असती. मीही केली असती, आणि गाणं तिथेच भाषण झालं असतं.

१९३९मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त बिली हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायची. वेटर जागच्या जागी थांबत, दिवे मालवले जात, प्रकाश फक्त तिच्या चेहऱ्यावर. म्हणजे झाडाखालची जी जागा मीरोपोलनी रिकामी सोडली, तिथे आता पैसे मोजून आलेले श्रोते उभे होते. वर बघत. कोलंबिया कंपनीने हे गाणं रेकॉर्ड करायला नकार दिला. शेवटी ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीने ते काढलं.

एक तक्रार मात्र उरतेच. मीरोपोलनी गाण्यातलं झाड अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन लावलं. असं बहुतेक दक्षिणेतच घडायचं, हे खरं. पण त्यामुळे न्यूयॉर्कच्या श्रोत्याला गलबलून येतानाच ‘हे तिकडचं’ म्हणायची सोयही झाली. मारियन उत्तरेत आहे.