पाच गुण

मार्च १९८६. निलंग्याच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी जमली होती. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला होता. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावर ताशेरे ओढले होते. जून १९८५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा आम्ही मोहल्ल्यात पेढे वाटले होते. नऊ महिन्यांत सारे संपले.

मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. घरी येऊन तणतणलो, "आपला मराठवाड्याचा माणूस मुंबईवाल्यांना बघवला नाही."

अब्बा किराणा दुकानात वजने पुसत होते. शांतपणे म्हणाले, "चार साल पहले भी तू यही बोला था."

खरे होते. जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पायउतार झाले, तेव्हाही मी म्हणालो होतो, "आपला मुसलमान मुख्यमंत्री त्यांना सहन झाला नाही." एकदा 'आपला' म्हणजे जमातीचा, एकदा 'आपला' म्हणजे गावचा. न्यायालयाने काय म्हटले ते मी दोन्ही वेळा वाचलेच नव्हते.

दोघांची कामेही विसरता येत नाहीत. अंतुल्यांच्या काळात, १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेने आमच्या गल्लीतल्या विधवांना आधार दिला. निलंगेकरांनी या भागात शिक्षणसंस्था उभ्या केल्या, अंबुलग्याचा साखर कारखाना उभा केला. मी हे सांगू लागलो, तर अब्बा म्हणाले, "अच्छा काम किया, तो दुआ दे. लेकिन तराजू में अपना-पराया नहीं रहता."

पुढच्याच वर्षीची गोष्ट. नववीचे गणिताचे पेपर माझ्याकडे होते. मेव्हणा रात्री घरी आला. "दुल्हेभाई, फक्त पाच मार्कांचा सवाल आहे." त्याच्या मुलाला तीस गुण होते. बायको दाराआड उभी होती. मी लाल पेन उचलले आणि तिसाचे पस्तीस केले.

त्याच गठ्ठ्यात आणखी एका मुलाला तीसच गुण होते. बाप हमाल. त्याच्यासाठी माझ्या दारी कोणी आले नाही. तो नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. माझ्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेले नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही, मला राजीनामा द्यावा लागला नाही. अब्बांनाही मी सांगितले नाही.

२००९ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, निलंगेकर पुन्हा इथून आमदार झाले. ऑगस्ट २०२० मध्ये ते वारले. लोकांनी जुने प्रकरण माफ केले असेल किंवा कधी मोठे मानलेच नसेल. आपण सारेच रात्री कोणाच्या तरी दारी पाच गुणांसाठी जात असू, तर मोठे मानणार तरी कोण? नेत्यांच्या नीतिमत्तेवर भाषण द्यायला मला हल्ली कार्यक्रमांत बोलावतात. मी टाळतो.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. बसस्थानकाजवळ त्याचा चहाचा गाडा आहे. मला पाहताच उठून उभा राहतो. "सर, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ?" म्हणतो. मी पैसे ठेवतोच. मात्र त्याला अजून काही सांगू शकलेलो नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. हा अंक घेऊन त्याच्या गाड्यावर जायचे आहे.