आकड्याचा ठावठिकाणा

१/ झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीने त्यासाठी माहितीपुस्तिका काढल्या. १९२५ मध्ये ‘आयडियल’ लायमन कंपनीकडे गेली. पुस्तिकांची परंपरा मात्र चालू राहिली.

२/ बंदुकीची काळी दारू मापट्याने भरली जाई. धूरविरहित दारू आली आणि तेच मापटे बंदूक फोडण्यास पुरेसे ठरले. आकडा एकटा निरुपयोगी असतो. दारूचे नाव, गोळीचे वजन आणि चाचणीची नळी यांविना तो घातकच.

३/ आज दारूउत्पादक हीच कोष्टके संकेतस्थळांवर देतात. ती ताजी असतात. परंतु तेथून उचललेला आकडा संदर्भ गमावून हातोहात फिरतो. पुस्तकही चुकते; पण आवृत्ती आणि वर्ष छापलेले असल्याने चुकीचा माग काढता येतो.