आजी चौकटीत अडकली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले असतील. दादाच्या घरून फोन आला. फोनवर माझी पुतणी. सहावीतली. एरवी ही बाई फोनवर आली, की दुसऱ्याला बोलू देत नाही. त्या दिवशी मात्र नुसतं एवढंच, "काका, तू आज येशील? एकटाच ये."

"काय झालं गं?"

"आल्यावर सांगते. पण बाबांना नको ना सांगूस."

आता तुम्हीच सांगा दोस्तांनो, असा फोन आल्यावर कोणाला चहा गोड लागेल? मी निघालोच.

गेलो तर ही आतल्या खोलीत संगणकापुढे बसलेली. तो संगणक मूळचा माझा. म्हातारा झाला म्हणून मी त्याच्यावर लिनक्स घालून तिला दिला होता. हिनं त्याची भाषासुद्धा मराठी करून घेतली होती. आणि आता पडद्यावर जिथे जिथे मराठी असायला हवं, तिथे नुसत्या चौकटी! मेनूत चौकटी, फाइलींच्या नावांत चौकटी. जणू कोणीतरी सगळ्या अक्षरांना खोक्यांत भरून खिळे ठोकले होते.

"काका," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, "मी आजीला पुसून टाकलं."

हे तुम्हांला नीट सांगायला हवं. तिची आजी म्हणजे माझी आई. तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती. अडुसष्टाव्या वर्षी ती टायपिंग शिकली आणि स्वतःच्या लहानपणाच्या आठवणी त्याच संगणकावर लिहायला बसली. एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून. २०२२ साली ती गेली. त्या आठवणींची फाइल तेवढी राहिली. आणि त्या फाइलीत आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चौकटीच चौकटी होत्या. दोन दिवस हिनं कोणालाही संगणकाजवळ फिरकू दिलं नव्हतं. जेवणही धड नाही.

"तू केलंस काय पण?"

तर एका नव्या खेळासाठी जागा कमी पडत होती. हिनं यादी काढली. त्यात 'नोटो' नावाची बरीच गाठोडी दिसली. चिनी, जपानी, कोरियन... आपल्याला काय करायचंय त्यांचं? हिनं 'नोटो' नावाचं जे जे दिसलं ते सगळं काढून टाकलं. खेळ बसला. संगणक बंद करून चालू केला, आणि पाहते तो काय!

मी म्हटलं, "रडू नकोस. आधी एका चौकटीत काय दिसतंय ते सांग."

तिनं डोळे पुसून पडदा मोठा केला. चौकट रिकामी नव्हतीच! आत बारीक इंग्रजी आकडे होते. आजीच्या पहिल्या ओळीतल्या पहिल्या चौकटीत वर ०९ आणि खाली ०६. दुसरीत वर ०९, खाली ०८.

मग मी तिला कागदावर एक तक्ता लिहून दिला. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक दिलेला आहे. या पद्धतीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि तेव्हापासूनच आपली देवनागरी तिच्यात आहे. अ म्हणजे ०९०५, आ म्हणजे ०९०६, इ ०९०७, ई ०९०८. क येतो ०९१५ वर, ख ०९१६ वर. (पुढे च ला ०९१ च्या शेवटी 'ए' दिसतो. ही मोजणी दहाच्या नाही, सोळाच्या हिशेबानं चालते. तिथे नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत जातात.)

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "आ... ई." मग माझ्याकडे बघितलं. "आई! काका, आजीनं 'आई' लिहिलंय!"

आजी पुसली गेलीच नव्हती. तिनं लिहिलेला प्रत्येक क्रमांक फाइलीत जिथल्या तिथे होता. हरवली होती ती अक्षरांची चित्रं. अशा चित्रांचा संच म्हणजे फॉन्ट. क्रमांक आहे, पण चित्र नाही, म्हणून बिचारा संगणक चौकट काढून आत क्रमांक लिहीत होता. या चौकटींना गमतीनं 'टोफू' म्हणतात. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, त्याच्या वड्या अशाच चौकोनी असतात. आणि कुठेही टोफू दिसू नये, म्हणून गूगलनं जो फॉन्टांचा संच करवून घेतला, त्याचं नाव 'नो टोफू' वरून 'नोटो'! नेमका तोच आमच्या बाईंनी काढला होता. मी हसलो. ती काही हसली नाही.

आता खात्री करायची. लिनक्समध्ये 'एफसी-लिस्ट' नावाची एक आज्ञा आहे, ती फॉन्टांची यादी देते. तिला मराठीची खूण जोडून विचारलं, की मराठी लिहू शकणारे फॉन्ट तेवढेच दिसतात. आम्हांला काहीच दिसलं नाही. एकसुद्धा नाही! दुखणं सापडलं. नोटोची देवनागरी परत बसवली, जोडीला 'लोहित' नावाचा दुसराही फुकट मिळणारा फॉन्ट घेतला. पण फाइलीत चौकटी तशाच. तिचा चेहरा पुन्हा पडला. अगं, आधीपासून उघडा असलेला प्रोग्रॅम नवा फॉन्ट कधीकधी पाहतच नाही. तो बंद करून पुन्हा उघडला, आणि आजी झरझर बोलायला लागली.

हिनं पहिलं पान दोनदा वाचलं. मोठ्यानं.

मी उगीच शहाणपणा म्हणून टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीतही तेच पान उघडून दाखवलं. तिथे 'दिवस' चं 'दविस' झालेलं! "आजीचं शुद्धलेखन चुकलं?" तिचा विश्वासच बसेना. (आई वाण्याच्या पाटीवरची वेलांटीसुद्धा दुरुस्त करायची.) चूक आजीची नव्हती. आपण 'दि' म्हणताना आधी द उच्चारतो आणि मग इ. संगणकही त्याच क्रमानं साठवतो. पण काढताना वेलांटी द च्या अलीकडे काढावी लागते. ही मांडामांड करणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी तो हार्फबझ नावाचा असतो. कितीतरी टर्मिनलांना ही मांडणी जमत नाही. ती वेलांटी तशीच द च्या पलीकडे ठेवतात, आणि आपल्याला वाटतं ती व ची. तेव्हा त्या खिडकीत मराठी वाचून कोणाला नावं ठेवू नका.

झालं, असं वाटलं. पण तिनं आजीच्या फोल्डरमधली आणखी एक फाइल उघडली. १९९९ सालची. आईनं तेव्हा आपल्या शाळेबद्दल वहीत लिहिलं होतं, ते गावातल्या डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतलेलं. त्रेचाळीस पानं. यात चौकटी नव्हत्या. यात होती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, सगळी नुसती खिचडी.

हे दुखणं निराळं, आणि खरं सांगायचं तर जास्त वाईट. त्या काळी मराठीचे बरेच फॉन्ट असे असत, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. दिसायला मराठी, पण आत क्रमांक इंग्रजीचे. तो फॉन्ट नसला, की आतलं इंग्रजी उघडं पडतं. इथे नोटो घालून काही होत नाही. तोच जुना फॉन्ट तरी हवा, नाहीतर एकेका खुणेचं युनिकोड करायला हवं. फॉन्ट कोणता, हे आता कोणाला आठवणार? ते दुकान तर केव्हाच बंद झालंय.

माळ्यावर शोधलं. फॉन्ट नाही मिळाला, पण त्या टाइपाची छापील प्रत मिळाली. पिवळी पडलेली, कडेला वाळवी लागलेली. तिच्यावरून आम्ही कोणत्या खुणेला कोणतं अक्षर याचा तक्ता केला, आणि तक्त्याप्रमाणे बदल करणारा एक छोटासा प्रोग्रॅम मी लिहिला. पहिल्याच पानावर 'सूर्य' चा झाला 'सूयर्' आणि 'मार्च' चा 'माचर्'. जुन्या फॉन्टमध्ये रफार दिसतो तसा अक्षरानंतर ठेवलेला. युनिकोडमध्ये तो र् म्हणून आधी यायला हवा. ते दुरुस्त केलं, तर जोडाक्षरांत भलतंच काही निघालं. म्हणून आता दर रविवारी ती पडद्यावरून वाचते आणि मी छापील प्रतीवर बोट ठेवून बसतो. चूक सापडली, की ती म्हणते, "थांब, लाल पेन!" आणि दुरुस्त करते.

दादाला तिनं त्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. फाइलीची एक प्रत त्याच्याकडे आहे, एक माझ्याकडे. सव्वीस पानं झालीत. सतराव्या पानाचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. तिथल्या तीन ओळींना पडद्यावरच्या खिचडीचाच आधार होता, आणि त्यांतला एक शब्द आम्हांला अजून लागलेला नाही.