चंद्रताल आणि आमची चूक

भूगोलाच्या तासाला आम्ही कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो की चंद्रा नदी चंद्रतालातून उगम पावते. कुठेतरी वाचले होते, नावही जुळत होते. शंका कधी आलीच नाही. सप्टेंबरात रजा टाकून लेकीसह हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात गेलो, तेव्हा या वाक्याची खरी तपासणी झाली.

मनालीहून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की हवा बदलते. पीर पंजालची रांग मोसमी ढगांना अलीकडेच अडवते, त्यामुळे पलीकडे हिरवळ विरळ होत जाते. ग्रांफूपासून पुढे तर रस्ता नावालाच आहे. बातलला ढाब्यावर राजमा-चावल खाऊन निघालो. तिथून तलाव अवघा चौदा किलोमीटर, पण तासाहून जास्त वेळ लागला. डाव्या हाताला चंद्रा नदी वाहत होती, राखाडी आणि गढूळ. हिमनद्या खडक दळत सरकतात, त्याचे पीठ या पाण्यात असते.

लेकीने विचारले, "तलाव तर अजून पुढे आहे ना? मग एवढी मोठी नदी त्याच्याही पलीकडून कशी येतेय?"

आम्ही गप्प. उत्तर समोर होते. चंद्रा उत्तरेकडून, बारालाचा खिंडीजवळच्या बर्फातून येते. चंद्रताल तिचा उगम नव्हे. तलावातून निघणारा प्रवाह तिला वाटेत येऊन मिळतो, इतकेच.

गाडी तलावापर्यंत जात नाही. शेवटचे अंतर पायी. उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त! दहा पावले चालले की थांबावे लागे, आणि डोके ठणकत होते ते वेगळेच. मग एक उंचवटा चढलो आणि खाली तो दिसला. उघड्या डोंगरांमध्ये निळे पाणी, चंद्रकोरीच्या आकाराचे. लेक म्हणाली, "ईदचा चाँद जमिनीवर उतरलाय." आकारावरूनच हे नाव पडले आहे.

तलाव तसा लहान; अडीचेक किलोमीटरचा फेरा. नदी गढूळ आणि तलाव इतका नितळ का? आत येणारा मोठा ओढा कुठे दिसत नाही. वितळलेला बर्फ बराचसा जमिनीखालून झिरपत येतो, त्यामुळे गाळ मागेच राहतो. २००५ मध्ये याला रामसर यादीत स्थान मिळाले. काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. मुक्काम दूर, अलीकडे करावा लागतो. हे फार चांगले केले. तरी बिस्किटांची वेष्टने दोन ठिकाणी दिसलीच.

दुसऱ्या दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच कुंजुम खिंडीवर गेलो. नकाशात पाहिलेली गोष्ट इथे उभे राहून कळते. खिंडीच्या एका उतारावरचे पाणी चंद्रेत जाते. ही चंद्रा तांदी येथे भागेला मिळते आणि दोघींची चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. दुसऱ्या उतारावरचे पाणी स्पिती नदीतून सतलजला मिळते. एकाच खिंडीवरून पाठ फिरवून निघालेली ही दोन पाणी शेकडो कोसांनी, सरहद्दीपलीकडे उच शरीफजवळ पुन्हा भेटतात आणि पंजनद म्हणून सिंधूकडे जातात.

(मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच. ती तिथे कोरीसारखे वळण घेते म्हणून ते नाव. हिमाचलशी तिचा काही संबंध नाही.)

जायचे असेल तर जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ बरा. वाटेत एक-दोन रात्री उंचीवर काढून मगच वर जावे. वयस्कर माणसांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परतल्यावर पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर जुने वाक्य लिहिले आणि मुलांसमोर खोडले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मग सर, आधीच्या वर्गांना कोण सांगणार?"