परसातून पाहिलेली चंद्रावरची पहाट

हस्ताचा पाऊस ओसरतो, परसातली माती पायाला चिकटेनाशी होते आणि ट्रायपॉड बाहेर काढायचे दिवस येतात. शरदातलं आकाश चार महिन्यांच्या पावसानं धुतलेलं असतं. उन्हाळ्यातला धुरळा खाली बसलेला, थंडीतलं धुकं अजून यायचं असतं. नारळाच्या झावळ्या आणि शेजारची गच्ची यांच्यामध्ये आकाशाचा जो तुकडा मोकळा राहतो, तेवढा चंद्राला पुरतो. तो असतो जेमतेम अर्ध्या अंशाचा. लेन्स रोखून ठेवली तर दोनेक मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, आणि पृथ्वी फिरते आहे हे परसात उभ्या उभ्या डोळ्यांना दिसतं.

चंद्राचा फोटो काढू लागलं की कॅमेरा आधी एक गोष्ट शिकवतो. त्याला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर भोवतालचा अंधार पाहून तो शटर लांबवतो आणि चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उमटतो. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा सोपा आहे: पूर्ण चंद्र असेल तर अॅपर्चर एफ ११, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढतानाही मापं याच्याच आसपास असतात. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं ना! तिथली माती डांबरी रस्त्यासारखी काळपट, आलेल्या उजेडापैकी १२ टक्क्यांच्या आसपासच परत पाठवणारी. तरी तेवढ्यावर आपली रात्र उजळते. आपण आपल्या अंधारात उभे राहून दुसऱ्या एका जगातल्या दिवसाचा फोटो काढत असतो.

मग साहजिकच विचारावंसं वाटतं, तिथे आत्ता किती वाजले असतील?

कोजागरीला तिथे भर दुपार असते. सूर्य आपल्या पाठीशी, म्हणजे चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या भागाच्या माथ्यावर. विवरांच्या सावल्या विवरांतच जिरून जातात. म्हणून दुधात उतरलेलं कोजागरीचं ते देखणं बिंब फोटोत सपाट दिसतं. त्या रात्री खुलतं ते टायको विवर, आणि त्यातून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे. दऱ्याडोंगर पाहायचे तर तिथली पहाट गाठायला हवी. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर शुक्ल पक्षात सूर्य उगवत असतो. तिथे ऊन तिरपं पडतं आणि लहानशा टेकडीचीही सावली लांबवर पसरते.

ही सीमारेषा रोज किती पुढे जाते? सुमारे १२ अंश. आणि सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की पंचांगात एक तिथी पुरी होते. हे जुळलेलं लक्षात आलं तेव्हा मी पंचांग घेऊनच परसात जाऊ लागलो. तिथी म्हणजे चंद्रावरची पहाट कुठवर पोचली याचा हिशेब.

तो हिशेब नवरात्रात पाहावा. अष्टमीला चंद्र बरोबर अर्धा असतो आणि अपेनाइन पर्वतांची रांग उन्हात न्हाऊन निघते. नवमीच्या सुमारास टायकोवर उजाडतं. दसऱ्याला इकडे सोनं वाटून होतं, तेव्हा तिकडे सुमारे ९३ किलोमीटर रुंदीच्या कोपर्निकस विवरात सूर्य उगवत असतो. काठ लखलखतात, तळ काळोखात बुडालेला राहतो. एकादशीच्या सुमारास इंद्रधनुष्याच्या आखाताभोवतालचे डोंगर आधी उजळतात. आखाताचा तळ अजून अंधारातच असल्यामुळे उजेडाची एक कमान काळोखात शिरलेली दिसते. चंद्राच्या चालीतल्या चढउतारामुळे काही तास इकडेतिकडे होतात, एवढंच.

चांद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरला, तेव्हा इथे निज श्रावण शुद्ध सप्तमी होती आणि त्या जागी सकाळ. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या यानाला आपल्या १४ दिवसांएवढा तिथला दिवस पुरता मिळावा, म्हणून ती वेळ साधली होती. ती जागा चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूलाच, दक्षिणेच्या कडेजवळ आहे. परसातल्या फोटोत यान दिसणार नाही, पण तो प्रदेश उन्हात आहे की सावलीत, हे नक्की दिसतं.

पौर्णिमेनंतर त्याच रेषेवर सूर्यास्त होऊ लागतो. दसऱ्याला कोपर्निकसवर उगवलेला सूर्य वद्य दशमीच्या सुमारास, वसुबारसेच्या तोंडावर, मावळतो. आश्विन वद्य अष्टमीचा चंद्र पुनर्वसूच्या आसपास असतो. महाराष्ट्रातून तो पहाटे जवळजवळ डोक्यावर येतो. मधे हवेचा थर कमीत कमी, म्हणून शरदातला सर्वांत रेखीव चंद्र मला त्या पहाटे मिळतो.

मग चंद्र मागे सरतो आणि ताऱ्यांची पाळी येते. त्यांना शटर वीस सेकंद तरी उघडं हवं, चंद्राच्या दोन हजार पट. एका चौकटीत दोघांना न्याय देता येत नाही. रात्री नऊ-दहाला भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर असतो. त्याच्या ईशान्येला देवयानीतला धुरकट ठिपका कॅमेऱ्यात उमटतो: २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका.

यंदा नवरात्रात द्वितीयेची कोर दिसल्यापासून दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी एक फोटो घ्या. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून घेतलेलाही चालेल. ते फोटो ओळीनं मांडून घरातल्या मुलांना दाखवा. तिथी त्यांना पाठ करावी लागणार नाही. ती चंद्रावर कशी उजाडते, हे त्यांनी पाहिलेलं असेल.