शेवट माहीत आहे, तरीही...

काही सिनेमे मोठ्या पडद्यावर बघण्यात मजा असते. काही मात्र घरच्या टीव्हीवर जास्त लागतात. लागतात म्हणजे आत कुठेतरी. रॉन हॉवर्डचा ‘अपोलो १३’ माझ्यासाठी त्यातला.

१९९५च्या या सिनेमाची दोन डिस्कची स्पेशल डीव्हीडी २००५ मध्ये, दहाव्या वाढदिवसाला आली. पुढे ब्लू-रे आली, मग फोर-के. साताऱ्यात आम्हाला भेटली ती त्यांची गरीब बहीण, भाड्याची व्हीसीडी. २ तास २० मिनिटांचा सिनेमा दोन डिस्कमध्ये कापलेला. पहिली संपली की तिघे अंतराळवीर अधांतरी, आणि दादा निवांत दुसरी डिस्क टी-शर्टला पुसतोय!

स्टोरी सगळ्यांना माहीत. ११ एप्रिल १९७० ला जिम लोवेल, फ्रेड हेस आणि जॅक स्विगर्ट चंद्राकडे निघाले. दोन दिवसांनी, पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर, ऑक्सिजनची टाकी फुटली. चंद्र कॅन्सल. दोघांना दोन दिवस पुरेल अशा छोट्या यानात तिघांनी जवळपास चार दिवस काढले आणि १७ तारखेला सुखरूप पॅसिफिकमध्ये उतरले.

म्हणजे सस्पेन्स शून्य. मग टेन्शन कसलं येतं?

मला वाटतं, हिशेबाचं. वीज किती उरली, पाणी किती, हवा किती. काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब यात घर बसवलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल डब्यांच्या जागी बसवायला पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी! त्यासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे, जुगाड.

पण डीव्हीडीचा खरा खजिना कॉमेंट्री ट्रॅक. सिनेमा ज्यांच्यावर बेतलाय ते जिम आणि त्यांची बायको मॅरिलिन सिनेमा बघत बोलत राहतात. तिकडे वर नवरा गोठतोय, इकडे बाई घर, मुलं आणि दारातले टीव्हीवाले सांभाळतेय. थिएटरमध्ये आपण रॉकेट बघतो. घरी, सोफ्यावर बसून, मॅरिलिन दिसायला लागते.

मला ती कळली ऑगस्ट २०१९ मध्ये. माझं आजोळ सांगलीत. साताऱ्याकडच्या डोंगरात पाऊस कोसळला की कोयना धरणातून पाणी सुटतं, कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडे जातं. आम्ही वरच्या अंगाला, आजी-मामा खालच्या. त्या आठवड्यात आमच्या घरातली भाषाच बदलली. “किती क्युसेक सोडलं?” “आयर्विन पुलाला किती फूट?” ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ च्याही वर गेलं. आई वहीत आकडे लिहीत होती, वेळेसकट. रडणं नाही, आरडाओरडा नाही. ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममध्ये पांढऱ्या शर्टातली माणसं करतात, अगदी तेच.

आणि मग मामाचा फोन लागेना.

सिनेमात यान वातावरणात शिरतं तेव्हा रेडिओ बंद पडतो. तीन मिनिटं होतात. पुढेही नुसती खरखर. आमची ती मिनिटं चार तासांची झाली. बॅटरी संपली होती, एवढंच. सगळे वरच्या मजल्यावर होते आणि आजी म्हणे चहाला दूध नाही म्हणून वैतागली होती.

‘हार मानणं हा पर्याय नाही’ या अर्थाचा जीन क्रान्झचा फेमस डायलॉग त्या मोहिमेत कुणी बोललंच नव्हतं. तो सिनेमासाठी लिहिलेला. क्रान्झनी नंतर आपल्या पुस्तकाला तेच नाव दिलं. खरी माणसं अशा वेळी डायलॉग मारत नाहीत. ती पुढचा आकडा विचारतात.

मॅरिलिन २०२३ मध्ये गेल्या, जिम ऑगस्ट २०२५ मध्ये, ९७ व्या वर्षी. कॉमेंट्रीत दोघं अजून शेजारी बसून बोलतायत. जुनी डीव्हीडी हाताशी लागली तर या वीकेंडला ती लावाच. आणि सिनेमा चालू असताना घरून फोन आला, तर प्लीज, पॉज करून उचला.